चौथ्या नंबरच्या मानेबाई

मानेबाईंचा डावा पाय साताऱ्यातल्या बऱ्याच पाठींना लागलेला आहे. त्यात आमच्या मुख्याध्यापकांची पाठही आली.

मानेबाई पायाळू. म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेल्या. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की भरलेली उसण उतरते असं आमच्याकडे मानतात. मुलींच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवत असे, तिथंच त्या भूगोल शिकवायच्या. एका शनिवारी सकाळच्या शाळेत मुख्याध्यापक खडूचा खोका उचलायला वाकले आणि तसेच राहिले. सर विज्ञानाचे. दरवर्षी अंधश्रद्धेवर मुलींना तासभर भाषण देणारे. वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी डॉक्टर, मलम, गरम पाण्याची पिशवी असे सगळे विषय काढून पाहिले आणि शेवटी खालच्या आवाजात मला विचारलं, "मानेबाईंना आत्ता कुठला तास आहे?"

स्टाफरूमचं दार लावलं. फरशीवर वर्तमानपत्रं अंथरली. मानेबाई आल्या, चप्पल काढली, माठाजवळ पाय धुतला आणि म्हणाल्या, "पालथं पडा सर." इस्त्री तापली का बघावं तसा त्यांनी पाय सरांच्या कमरेला टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. "उठा आता." सर उठले. सरळ उभे राहिले. कपड्यांवरची धूळ झटकत म्हणाले, "हा स्नायूंचा मानसिक ताण असतो." मानेबाई म्हणाल्या, "व्हय सर," आणि सातवी ब वर निघून गेल्या. त्यानंतर वर्षभर त्यांना उशीर झाला तरी सरांनी कधी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मी त्यांना विचारलं होतं, तुमचा यावर विश्वास आहे का.

"माझा न्हाई. त्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "पाय माझा, विश्वास त्यांचा. मला काय तोशीस न्हाई."

त्यांचं माहेर वडूजच्या पुढं, एका कोरडवाहू गावात. पाठचा भाऊ दत्ता, तोही पायाळू. एका घरात दोन पायाळू, त्यामुळे लहानपणापासून अंगणात कमरेला हात लावलेली माणसं बसलेलीच असायची. साताऱ्यात आल्यावरही ते सुटलं नाही. भाजीबाजारात, लग्नात, बँकेच्या रांगेत कुणीतरी जवळ येऊन म्हणायचं, "आवं बाई, जरा पाय लावता का?" त्या मांडवामागं जाऊन पाय लावून यायच्या आणि पुन्हा पंगतीत बसायच्या. तोंडावर कौतुक नाही, कंटाळा नाही. त्यांच्या तोंडावर तसंही फारसं काही दिसत नसे. बारीक चण, उन्हानं रापलेला रंग, आणि फळ्याकडे बघावं तसं सगळ्यांकडे बघणं.

त्या पळायला लागल्या ते नवऱ्यावरच्या रागानं.

त्यांचे यजमान सैन्यातून सुभेदार होऊन परत आले होते. सगळा सातारा त्यांना सुभेदार म्हणूनच ओळखे. रोज पहाटे ते मैदानावर सैन्यभरतीच्या पोरांना पळवत. रक्तात साखर निघाली म्हणून डॉक्टरांनी मानेबाईंना चालायला सांगितलं, तेव्हा त्याही त्याच मैदानावर चकरा मारू लागल्या. चार-पाच दिवस सुभेदारांनी पाहिलं आणि सगळ्या पोरांसमोर तोंडातली शिट्टी काढून म्हणाले, "फिरायला आलीयास का हळदीकुंकवाला?"

बाईंनी ओढणी कमरेला गच्च बांधली आणि पळत सुटल्या. "दोन चकरा रागातच झाल्या," त्या सांगायच्या. "तिसऱ्याला राग संपला, पण पाय थांबंनात." महिना-दोन महिन्यांत भरतीची दोन पोरं त्यांच्या मागं पडायला लागली. सुभेदारांनी त्या पोरांना घरी बसायला सांगितलं आणि बायकोला बूट आणले.

तेव्हा त्या चाळिशी ओलांडून पुढं आल्या होत्या. साताऱ्यात आता पळणारी माणसं पुष्कळ झाली आहेत. पहाटे यवतेश्वरच्या घाटात गेलं तर रंगीबेरंगी बनियन घातलेले डॉक्टर, वकील, दुकानदार असे सगळे धापा टाकताना दिसतात. पण शाळेतली बाई, ट्रॅकपँट घालून, रोज, एकटी, हे जरा नवंच होतं. दूधवाला एकदा मोटारसायकल थांबवून काळजीनं म्हणाला होता, "बाई, कुणी मागं लागलंय का?"

मला त्याचं कोडं वाटायचं. मी जिना चढून वर्गात गेले की हजेरी होईपर्यंत दम खाणारी बाई. मी विचारलं, एवढं काय मिळतं हो त्यात?

"पळताना कुणी हाका मारत न्हाई, जोशीबाई. आन् एक चढ संपला की सगळं बधिर होतंय. पाय, डोकं, सगळं. शाळा न्हाई, घर न्हाई, पोरगं पुण्यात काय करतंय ते न्हाई. काय म्हंजी काय वाटत न्हाई. लय बरं असतंय ते."

मला दुपारी जेवून आडवं झाल्यावर नेमकं असंच वाटतं, असं मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

त्यांचा भूगोलही हळूहळू घाटात गेला. समोच्च रेषा शिकवताना फळ्यावर यवतेश्वरचा डोंगर काढत आणि रेषा जिथं एकमेकींना चिकटतात तिथं खडू आपटून म्हणत, "हितं मांडी बोलते." परीक्षेत एका मुलीनं तीव्र उताराची खूण म्हणून हेच लिहिलं. बाईंनी पूर्ण गुण दिले.

पळणाऱ्यांचे पाय हा बघायचा विषय नव्हे, हे मी त्यांच्यामुळे शिकले. त्यांची नखं काळी पडत आणि गळत. एकदा स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या त्यांनी अंगठ्याचं लोंबणारं नख ओढून काढलं, रिकाम्या खडूच्या डबीत ठेवलं आणि तासाला गेल्या. डबी मी उघडली. त्या दिवशी मी जेवले नाही. दुखण्यांबद्दल त्या घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायच्या. "टाच रुसलीया." "गुडघ्याच्या मनात काय तरी हाय." टेबलाखाली बर्फाच्या बाटलीवर टाच फिरवत वह्या तपासायच्या, आणि बाटली घरंगळत मुख्याध्यापकांच्या टेबलाशी गेली की आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो. एक अख्खा पावसाळा नडगीपायी गेला. नडगीच्या हाडाला सूज, पळायचं बंद. त्या दिवसांत त्या फार शांत होत्या, आणि त्या वर्षीची आठवीची प्रश्नपत्रिका कुणालाच सुटली नाही.

त्यांना काय हवं होतं ते मला सांगलीत कळलं.

सांगलीला कृष्णेच्या बाजूनं रस्त्यावरची शर्यत होती, एकवीस किलोमीटरची. सुभेदारांच्या पोरांची भरती आली होती, म्हणून सोबतीला मी गेले. माझी बहीण सांगलीला असते, त्यामुळे मला तेवढंच निमित्त. माझं काम जर्किन आणि पिशवी धरून उभं राहणं. आदल्या संध्याकाळी बाईंनी रस्ता पाहिला आणि नाक मुरडलं. "चढच न्हाई. ताटात पळल्यासारखं हाय हे." शर्यतीत वयाप्रमाणे गट असतात. त्यांचा गट पंचेचाळीस ते एकोणपन्नासचा, आणि प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघींना स्टेजवर बोलावून गळ्यात पदक घालतात. बाकीच्यांना पदक मिळतं ते टेबलावरून, हातात.

मानेबाई चौथ्या आल्या. तिसरी त्यांच्या पुढं हाताच्या अंतरावर होती, मी स्वतः पाहिलं. स्टेजवर त्या तिघींचे फोटो चालले होते तेव्हा बाई माझ्याशेजारी उभं राहून भडंग खात होत्या. एकेक शेंगदाणा वेचून. परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "त्या तिसरीचं वय खरंच पंचेचाळीस असंल का वं? गळ्यावर एक सुरकुती न्हवती."

त्याच वर्षी साताऱ्याची घाटातली शर्यत झाली. पावसाळा ओसरताना होते ती. तिथंही चौथ्या. पुढच्या वर्षी नडगी. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा चौथ्या. आमच्या स्टाफरूममध्ये चार हा आकडा जपून वापरला जाऊ लागला. चहा सांगतानासुद्धा मी "तीन आणि एक" म्हणे.

मग त्या एकोणपन्नासच्या झाल्या. पुढच्या वर्षी त्यांचा गट बदलणार होता.

"अहो मग बरंच की," मी म्हटलं. "पन्नासच्या पुढच्या गटात तुम्ही डोळे मिटून पहिल्या याल."

"तिथं सात-आठ बाया असत्यात. निम्म्या गप्पा मारत येत्यात," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात पहिलं येऊन काय करू? मला ह्यांच्यातच तिसरं यायचंय. चौथीला तिसरं व्हायचं असतंय, पयलं न्हाई."

त्या वर्षी त्यांनी जो सराव केला त्याला सराव म्हणावं की शिक्षा, मला ठरवता आलं नाही. पहाटे घाट, संध्याकाळी पुन्हा मैदान. गालांची हाडं वर आली. सुभेदारसुद्धा म्हणायला लागले, "जरा दमानं." ज्या माणसानं पोरांना उलट्या होईस्तोवर पळवलं त्याच्या तोंडी हे शब्द ऐकून आम्हाला हसू यायचं. मग जुलै महिन्यात मला दिसलं की मानेबाई जिना चढताना कठडा धरतात. आधी एका हातानं. मग उजवा पाय वर ठेवल्यावर क्षणभर थांबून. विचारलं तर म्हणाल्या, "जांघेत काय तरी अडकलंय. निघंल."

निघालं नाही. सुभेदारांनी त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआय काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून दाखवला. खुब्याच्या हाडाला केसाएवढी चीर होती. आत्ता थांबलात, कुबड्या घेऊन भार टाळलात, तर दोन-अडीच महिन्यांत आपोआप भरेल. पळालात तर हाड मोडेल. एवढंच ते म्हणाले, आणि दोनदा म्हणाले. घाटातली शर्यत महिन्यावर आली होती.

"शर्यत बंद," सुभेदार म्हणाले. त्यात काही चर्चा नव्हती. "मी पोरांना हाकलतो. मोडक्या पोराला न्हाई हाकलत."

बाईंनी रजा टाकली. कुबड्या घेतल्या. घरी बसल्या. मी रविवारी त्यांना बघायला जायची. त्या ओसरीवर खुर्चीत बसलेल्या असायच्या, रस्त्याकडे तोंड करून, आणि पहाटे सरावाला जाणारी माणसं उन्हं चढल्यावर परत येताना दिसायची. कोण कसं पळतंय यावर एक शब्द नाही. वर्तमानपत्र मांडीवर उघडलेलं, पान तेच.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी मी गेले तेव्हा दत्ता आला होता. हातभर मिशा, पांढरा पायजमा, आणि सोबत बहिणीला आणलेलं ज्वारीचं पोतं. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. आणि मानेबाई त्याला एकदम म्हणाल्या, "दत्ता, मला पाय लाव."

दत्ताला आधी ती थट्टा वाटली. "आक्का, तुझाच पाय हाय की."

"आपला आपल्याला लागत न्हाई. तू लाव."

"डाक्टरांनी चीर सांगितलीया न्हवं?"

"सांगितलीया. तू लाव."

सुभेदार आतून बाहेर आले. मी म्हटलं, निदान डॉक्टरांना एकदा फोन करा. बाई म्हणाल्या, "त्यांना इचारलं की ते न्हाईच म्हणत्यात." आणि आम्ही काही बोलेपर्यंत त्यांनी ओसरीवर घोंगडं ओढलं, कुबडी भिंतीला लावली आणि कुशीवर आडव्या झाल्या, उजवा खुबा वर. "आयुष्यभर लोकांना पाय लावला," त्या घोंगड्यात तोंड घालून म्हणाल्या. "एक डाव मलाबी लागतोय का बघू."

दत्तानं पाय धुतला. त्यानं तो इतका हलका टेकवला की टेकला का नाही ते मला कळलं नाही. टेकवला, उचलला. टेकवला, उचलला. झालं. दोन मिनिटांचं काम.

मानेबाई उठल्या. कुबडी न घेता उभ्या राहिल्या. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, अंगणात उतरल्या, पुन्हा वर आल्या. मग उजव्या एका पायावर, लंगडी खेळावी तशा, उड्या मारल्या.

"गेलं," त्या म्हणाल्या.

"गेलं म्हंजी?" सुभेदार.

"दुखत न्हाई."

"तू तर मानत न्हवतीस हे."

"दुखत न्हाई म्हंजी न्हाई. आता मानायचं काय ऱ्हायलं त्यात? सरांची उसण जाते, भाजीवालीची जाते. माझीच का जाऊ न्हाई?"

सुभेदार खूप वेळ भांडले. शेवटी त्यांनी हुकूमच सोडला. त्यावर बाई म्हणाल्या, "मी काय तुमची पलटण न्हाई," आणि घोंगड्याची घडी करून आत ठेवून आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी पाहिलं. आनंद म्हणता येईल असं. मला ते बरं वाटलं नाही. पण चांगलंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

शर्यतीच्या दिवशी शाळेच्या मुली घेऊन मी बोगद्याच्या जवळ उभी होते. तिथून शर्यत घाटात वर जाते आणि त्याच वाटेनं परत खाली येते. हवा ढगाळ होती. जाताना मानेबाई आमच्यासमोरून गेल्या तेव्हा मुली जिवाच्या आकांतानं ओरडल्या. बाईंनी बघितलंसुद्धा नाही. चेहरा कोरा, डोळे पुढच्या माणसाच्या पाठीवर. पाऊल सरळ पडत होतं. लंगडण्याची खूण नव्हती. सुभेदार रस्त्याच्या पलीकडे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. ती मान काय म्हणत होती ते मला कळलं नाही.

मग वाट बघणं. परतणारे पुरुष आले, मग तरण्या मुली. मग बाईंच्या गटाच्या बायका. त्या गटाच्या छातीवरच्या क्रमांकाचा रंग वेगळा होता, त्यामुळे मुली मोजत होत्या. एक गेली. बऱ्याच वेळानं दुसरी. आणि मग वळणावरून मानेबाई आल्या.

"तिसऱ्या! बाई, तुमी तिसऱ्या!"

त्यांच्या मागं चौथी दिसतही नव्हती. उतार होता. बाई उताराला अंग सोडून येत होत्या, हात खाली, पावलं लांब. मला आयुष्यात खेळातलं काही कळलं नाही, पण त्या क्षणी मीही ओरडत होते. आमच्यापासून वीसेक हातांवर असताना त्यांनी उजवा पाय टाकला आणि त्या खाली गेल्या. अडखळल्या नाहीत. कुणी खुर्ची काढून घ्यावी तशा बसल्या. ओरडल्या नाहीत. उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता, त्यांचा नसावाच असा.

सुभेदारांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ते त्यांना हात लावायला घाबरत होते. बाईंचा रंग गेला होता, पण डोळे रस्त्याच्या वरच्या बाजूला होते. आमच्या बाजूनं रंगीत बनियनमधली एक बाई धापा टाकत गेली, क्षणभर थांबली, हात जोडल्यासारखं केलं आणि पुढं पळाली.

"मागची गेली का?" मानेबाईंनी मला विचारलं.

"गेली."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

मिरजेत हाडात स्क्रू घातले. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी फक्त सांगितलं की चालता येईल, पाय बोटभर आखूड राहील, आणि पळणं संपलं. बाईंनी विचारलं, "कायमचं?" डॉक्टर म्हणाले, "हो." बाईंनी मान हलवली. भाजी संपली सांगितल्यावर हलवावी तशी.

दत्ता दवाखान्यात आला, पण खोलीत येईना. बाहेर बाकावर पाय वर घेऊन, मांडी घालून बसला. पाय जमिनीला लावायचेच नाहीत असं काहीतरी त्याच्या मनानं घेतलं होतं. बाईंनी आतून आवाज दिला, "ये रं आत. तुझा पाय बरोबर लागला. त्यात तुझं काय चुकलं न्हाई." तो आला, बहिणीच्या हाताशी उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. बाई रडल्या नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, "बस किती वाजता हाय तुझी?"

गावाकडे दत्ता आता कुणालाही पाय लावत नाही. उसण भरलेली माणसं अंगणात येऊन परत जातात.

बाई दिवाळीनंतर शाळेत रुजू झाल्या. हातात काठी, बुटाच्या तळाला जाड चामडं. सगळं आधीसारखं करायच्या; नकाशे लावायच्या, वह्या तपासायच्या, चहा प्यायच्या. समोच्च रेषा आल्या तेव्हा पुस्तकातलाच डोंगर काढला. आम्ही सगळे त्यांच्याशी फार हळू आवाजात बोलायचो आणि त्यांना ते कळायचं. एकदा एका मुलीची आई कमरेला हात लावून शाळेत आली. "बाई, लय भरलीया वं. जरा पाय लावता का?" बाई म्हणाल्या, "न्हाई. डॉक्टरकडं जावा. फोटो काढून घ्या आधी." ती बाई हिरमुसून गेली. फाटकाबाहेर कुणाला तरी सांगत होती, की बाईंना आता मोठेपणा आलाय.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. माझ्या मनात इतके महिने होतं ते मी विचारलं. त्या रविवारी खरंच दुखायचं थांबलं होतं, का तुम्ही आम्हाला तसं सांगितलंत?

"खरंच गेलं होतं वं," मानेबाई म्हणाल्या. "देवाशपथ. पार वरपर्यंत काय म्हंजी काय न्हवतं. उताराला बी न्हवतं." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "दुखलं असतं तर मी थांबले असते, जोशीबाई. मला काय मरायचं न्हवतं."

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. अजूनही आहे. वाईट वाटायला हवं, रडू यायला हवं, तसं काही होत नाही. त्या उतारावर बसलेल्या बाई आठवतात आणि आत एक जड, गप्प असं काहीतरी होऊन राहतं. त्यांना विचारलं, तुम्हाला आता काय वाटतं. त्या म्हणाल्या, "काय न्हाई वाटत." आणि थोड्या वेळानं, "आता पळायला लागत न्हाई त्याच्यासाठी." हे त्यांनी हसून म्हटलं की नुसतंच म्हटलं, ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी संस्थेच्या सांगलीच्या शाळेत बदली मागून घेतली. तिथं सगळे वर्ग खाली आहेत आणि सांगलीला चढ नाही. सुभेदारांना एका साखर कारखान्यावर सुरक्षेचं काम मिळालं. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषण केलं, त्यात पळण्याचा उल्लेख नव्हता. फोनवर आम्ही दिवाळी-संक्रांतीला बोलायचो. तब्येत कशी आहे, शाळा कशी आहे. मग तेही विरळ झालं.

गेल्या वर्षी मी बहिणीकडून परत येत होते. सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी भरली होती, मला खिडकीची जागा मिळाली होती आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. तेवढ्यात स्टँडच्या पलीकडच्या टोकाला मानेबाई दिसल्या. काठी नव्हती. हातात कापडी पिशवी, पाठ ताठ, अंगावर पूर्वीसारखंच मांस नाही. लांबून कुणालाही वाटावं, बाई चांगली काटक आहे. त्या आमच्याच गाडीकडे येत होत्या.

मी कंडक्टरला म्हटलं, "त्या बाई येतायत, थांबा जरा."

कंडक्टर दारात उभा राहिला. गाडी फलाटावरून मागं घेतली, वळवली, तरी बाई अर्ध्यातच होत्या. मागून दुसरी गाडी हॉर्न वाजवायला लागली. आतली माणसं कुरकुरायला लागली. कंडक्टरनं दारातून अंग बाहेर काढलं आणि हात हलवत ओरडला, "आवं ताई, पळा की जरा! गाडी सुटली न्हवं!"

बाईंनी चाल बदलली नाही. त्यांनी मला खिडकीत पाहिलं. ओळखलं. हात थोडासा उचलला आणि पुढं केला, जावा म्हणून.

"पळायला काय झालंय हिला," कंडक्टर पुटपुटला आणि त्यानं दोनदा घंटी दिली.

गाडी फाटकाकडे वळली. मी मागं वळून काचेतून पाहत राहिले. गाडी उभी होती त्या रिकाम्या जागेपर्यंत मानेबाई त्याच चालीनं आल्या, पिशवी खाली ठेवली, आणि पुढच्या गाडीसाठी उभ्या राहिल्या.